वाद्य : इतर

अर्जातल्या वाद्यांच्या यादीत अकॉर्डियन होतं, चर्चमधला ऑर्गन होता, बासरीचे चार प्रकार होते. हार्मोनियम नव्हती. स्पर्धा संगीताची, ऑनलाइन, युरोपातली. अलेक्सांद्र दबें यांनी १८४२ साली पॅरिसमध्ये ज्या वाद्याचं पेटंट घेतलं, त्याचा युरोपातल्याच अर्जात पत्ता नाही. ते वाद्य आपल्याकडे आलं, कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी ते मांडी घालून, एका हाताने भाता मारत वाजवता येईल असं घडवलं, आणि मग ते इथलंच होऊन बसलं. मी ‘इतर’वर टिचकी मारली. पेटीवाल्यांना याची सवय आहे. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला बंदीच होती. त्या मानाने ‘इतर’ म्हणजे बढती.

मी कुडाळ तालुक्यात शाळेत शिकवतो. पेटी वाजवतो ती भजनात, दशावतारात आणि कुणी बोलावलंच तर नाट्यगीतांच्या कार्यक्रमात. अभंगांना चाली लावायची खोड आहे. स्पर्धेचा दुवा भाचीने पाठवला. ती पुण्यात असते, गाण्यात विशारद झाली आहे. ‘मामा, यात वादनाचा विभाग वेगळा आहे आणि रचनेचा वेगळा. तू दोन्हीत भर,’ म्हणाली. मी म्हटलं, बघू. पण रात्री नियमावली वाचायला बसलो आणि ती संपेपर्यंत उठलो नाही.

त्याआधी आणखी काही ऑनलाइन स्पर्धा चाळल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच मी लगेच बाजूला सारल्या. एकीच्या मागच्या वर्षीच्या निकालात प्रत्येक वयोगटात ‘प्रथम क्रमांक’ इतक्या जणांना दिलेला की दुसरा क्रमांक कुणाला मिळाला ते शोधावं लागत होतं, आणि चषक हवा असेल तर त्याचे पैसे निराळे. दुसरीत परीक्षकांची नावंच नव्हती. अशा ठिकाणी आपण स्पर्धेत भाग घेत नसतो, प्रमाणपत्र विकत घेत असतो. घ्यायचं असेल तर खुशाल घ्यावं, फक्त तसं समजून घ्यावं. ही स्पर्धा बरी वाटली, कारण परीक्षक कोण ते आधीच जाहीर होतं, पहिलं बक्षीस एकालाच होतं, आणि परीक्षकांना कुणी योग्य वाटलं नाही तर ते न देण्याचा अधिकार त्यांनी राखून ठेवला होता. फी युरोत होती, दर विभागाला वेगळी. त्यासाठी आधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डावरचे परदेशी व्यवहार सुरू करावे लागले.

एक कलम मात्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. पाठवलेल्या ध्वनिमुद्रणाचा वापर आयोजक ‘कायमस्वरूपी, विनामोबदला, कोणत्याही माध्यमात’ करू शकतील, असं त्यात होतं. जाहिरातीसाठी तुकडा वाजवायला माझी ना नव्हती. पण माझी चाल उद्या कुणाच्या अल्बममध्ये निघाली तर? मी सरळ ईमेल करून विचारलं. उत्तर आलं की वापर स्पर्धेच्या प्रसिद्धीपुरताच, रचनेचे हक्क रचनाकाराकडेच राहतील. ते उत्तर मी छापून फायलीला लावून ठेवलं. शिक्षकाला कागद जपायची सवय असतेच.

आता वादनाचा भाग. आठ मिनिटांची मर्यादा, एकाच कॅमेऱ्यातून एकसलग चित्रण, हात आणि चेहरा दोन्ही दिसले पाहिजेत, काटछाट नाही, वरून घुमारा चढवायचा नाही. आठ मिनिटांत राग काय मांडणार, असं आमच्याकडे लगेच कुणीतरी म्हणालंच. पण १९०२ साली कोलकात्यात गौहरजान यांनी ग्रामोफोनसाठी गायलं तेव्हा तबकडीवर मिळत होती तीन मिनिटं, आणि त्या तीन मिनिटांतही त्या शेवटी आपलं नाव सांगत. त्या हिशेबाने मला चैन होती.

राग कलावती धरला. दरबारीसारखा राग पेटीवर घ्यायचा म्हणजे आंदोलित, म्हणजे हलकेच झुलणाऱ्या, गंधाराचं काय करायचं हा प्रश्न उभा राहतो. पट्टीवरून आंदोलन निघत नाही, त्याची नक्कल निघते. कलावतीत सा, ग, प, ध आणि कोमल नी, सगळं मोकळं, पेटीला मानवणारं. निदान मला तसं वाटत होतं. हेडफोन लावून पहिलं मुद्रण ऐकलं तेव्हा गंधारावर थांबलो की काहीतरी थरथरतंय, असं जाणवलं. भाता नीट होता, सूरही नुकतेच लावून आणले होते. थरथर येत होती तानपुऱ्याकडून. तानपुरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप बोलतो, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर तो षड्जापासून ३८६ सेंटांवर असतो. पेटीचं सप्तक बारा सारख्या भागांत कापलेलं, त्यामुळे पेटीचा गंधार बरोबर ४०० वर. चौदा सेंटांचा हा फरक मांडवात, झांजांच्या गजरात कुणाला कळत नाही. बंद खोलीत, चांगल्या माइकसमोर तो लपत नाही. पंचमाचं तसं नाही, तिथे फरक जेमतेम दोन सेंटांचा. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी तयार केली आहे ती याच दुखण्यावर. माझी पेटी साधी. तेव्हा तानपुऱ्याचा आवाज कमी केला, तो माझ्यापासून लांब, तबल्याच्या मागे ठेवला, आणि गंधारावर रेंगाळायचं सोडून पंचमावर न्यास, म्हणजे थांबणं, वाढवला. रागाची मांडणीच त्यामुळे थोडी बदलली. कलावतीच्या जाणकाराला ते खटकेल, हे मला ठाऊक होतं.

तानपुऱ्यावरून आणखी एक पत्रव्यवहार झाला. तानपुरा म्हणजे मोबाइलमधला. नियम असा की आधी मुद्रित केलेली साथ वापरायची नाही. आता हा सतत वाजणारा षड्ज-पंचम म्हणजे साथ की काय? आयोजकांना लिहिलं की यात चाल नाही, ताल नाही, हा फक्त सूर धरून ठेवतो; गायक-वादक आधी यात बसतो आणि मग वाजवतो. त्यांनी मान्य केलं, पण अर्जात तशी नोंद करा म्हणाले. खरा तानपुरा मिळाला असता तर सगळ्यात बरं. मिरजेहून आणलेला एक आमच्या ओळखीच्या घरी आहे, पण पावसाळ्यानंतर त्याची जवारी, म्हणजे तारांखालच्या घोडीची घासणी, बिघडलेली, आणि ती दुरुस्त करून आणायला वेळ नव्हता.

वेळ का नव्हता ते सांगतो. मुदत ३१ ऑक्टोबरची. आमच्याकडे चतुर्थीत भजनं म्हणजे दिवस-रात्र एक. ती संपतात न संपतात तोच नवरात्राचे लाउडस्पीकर, मग दिवाळीचे फटाके, आणि कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावताराची मंडळं बाहेर पडतात. मग वाजवणारा माणूस हाताला लागत नाही. या सगळ्याच्या फटीत, पाऊसही नसेल आणि कौलांवर टपटपही नसेल अशी दुपार शोधायची. ती अखेर शाळेच्या वाचनालयात सापडली. पुस्तकांनी भरलेल्या कपाटांमुळे तिथे आवाज घुमत नाही. साध्या भिंतींच्या वर्गात ऐकलेलं आणि इथलं, यात जमीन-अस्मानाचा फरक होता.

मुद्रणाबाबत एक गोष्ट पेटीवाल्यांच्या कामाची आहे. मोबाइलच्या माइकवर अजिबात भिस्त ठेवू नये. आपण बोलताना मागचा पंखा ऐकू येऊ नये म्हणून फोन सततचा आवाज दाबत असतो, आणि तानपुरा त्याला पंख्यासारखाच वाटतो. पहिल्या चाचणीत तानपुरा मधेच बुडत होता आणि मी थांबलो की वर येत होता. म्हणून चित्रण फोनवर आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला, सुरुवातीला एक टाळी वाजवून दोन्ही जुळवले. माइक भात्याच्या बाजूला ठेवला तर हवेचा फुसफुसाट येतो, पट्ट्यांच्या अगदी वर ठेवला तर खटखट. वरून, हातभर अंतरावर आणि किंचित उजव्या सुरांकडे झुकवून ठेवला तेव्हा जमलं, कारण खर्जाकडचे सूर तसेही आवाजाला भारी असतात. पट्ट्यांखालची बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, झिजली असेल तर ती आधी बदलून घ्यावी. मांडवात न ऐकू येणारी खटखट इथे तबल्याशी बरोबरी करते.

आठ मिनिटांचं २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झचं स्टीरिओ मुद्रण म्हणजे जवळपास १३८ एमबी. चित्रफीत त्याहून कितीतरी मोठी. ती एका प्रसिद्ध संकेतस्थळावर चढवून तिचा दुवा द्यायचा होता. चढवली आणि दुसऱ्याच दिवशी सूचना आली की तुमच्या चित्रफितीतलं संगीत अमुक अल्बमच्या मालकीचं आहे. कुठलं संगीत? तर पहिल्या सव्वा मिनिटातलं, म्हणजे नुसता तानपुरा आणि माझा आलाप. तानपुऱ्यावर मालकी सांगणारं यंत्र पाहून तबलजी इतका हसला की त्याला ठसका लागला. मी हरकत नोंदवली. पण समोरच्याला उत्तर द्यायला तीस दिवसांची मुभा असते, आणि मुदत त्याच्या आत संपत होती. आयोजकांनी फाइल थेट पाठवायची सोय ठेवली होती, तिचा उपयोग झाला.

वादनाच्या अर्जात शेवटी एक रकाना होता: परीक्षकांना पाहता यावं म्हणून रचनेचं स्वरलेखन जोडा. माझ्याकडे होती तीनतालातली गत, म्हणजे वाद्यावर वाजवायची बंदिश. स्थायी आणि अंतरा मिळून चार ओळी. आपल्याकडच्या भातखंडे स्वरलिपीने लिहिली तर अर्धं पान. रचनाकाराचं नाव? माझ्या गुरुजींनी ती त्यांच्या गुरुजींकडून घेतली, त्यापलीकडचं कुणाला माहीत नाही. ‘पारंपरिक’ लिहिलं. पण आठ मिनिटांच्या वादनाला अर्ध्या पानाचं लेखन पाहून परीक्षक बाकीची पानं शोधत बसतील, म्हणून खाली टीप लिहिली की उरलेलं सगळं वाजवताना घडतं.

रचनेच्या विभागात नेमकं उलटं. तिथे कागद सर्वस्व. चालीचं संपूर्ण स्वरलेखन हवं, ध्वनिमुद्रण संगणकाने तयार केलेलं असलं तरी चालेल. म्हणजे एका विभागाला कागदाबाहेरचं संगीत कळत नव्हतं आणि दुसऱ्याला वाजवणारा माणूसच नको होता. मी आयुष्यभर केलं ते या दोहोंच्या मधे कुठेतरी पडतं. बुवा अभंगाचं एक चरण देतात, मी पेटीवर ते उचलतो, तिसऱ्यांदा येतं तेव्हा त्याचं वळण बदललेलं असतं, आणि पुढच्या वर्षी तेच वळण सगळी मंडळं गातात. यात रचना कुठे संपली आणि वादन कुठे सुरू झालं, हे कुणी विचारलं नव्हतं. अर्जाने विचारलं. हा दृष्टिकोन निव्वळ परदेशी आहे असंही नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही संगीतरचना म्हणजे लिहून किंवा छापून ठेवलेली रचना अशीच मूळ व्याख्या होती. ती अट १९९४ च्या दुरुस्तीत गेली. तोवर तोंडी चालत आलेली चाल कायद्याच्या लेखी नव्हतीच.

शब्द घेतले जनाबाईंचे. अर्जात कवीच्या लेखी परवानगीचा रकाना सक्तीचा, फाइल जोडल्याशिवाय पुढचं पान उघडेना. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या कवयित्रीची सही कुठून आणायची! शेवटी मीच एका कागदावर लिहिलं की कवयित्रीचं निधन होऊन सहाशेहून अधिक वर्षं झाली आहेत, हक्कांची मुदत भारतात मृत्यूनंतर साठ वर्षं आणि युरोपात सत्तर, सबब परवानगीचा प्रश्न येत नाही. त्या कागदाची फाइल जोडली. अर्ज पुढे सरकला.

चाल भीमपलास रागात. मोठ्या अभंगाची मोडणी सहा-सहा-सहा-चार अक्षरांची. तीन चरण एका मापाचे आणि चौथा दोन अक्षरांनी आखूड. चाल लावणाऱ्याची सगळी गंमत त्या आखूड चरणात असते, कारण शब्द आधी संपतात आणि ताल उरतो. बरेच जण शेवटचं अक्षर ओढून ती जागा भरतात. मी ती रिकामी ठेवली आणि तिथे पखवाज बोलेल असं ठरवलं. दुसऱ्या अंतऱ्यानंतर तर पखवाजाला पूर्ण आवर्तनं, म्हणजे तालाचे अख्खे फेरे, मोकळी दिली.

आता हे सगळं पाश्चात्त्य पद्धतीच्या पाच रेघांवर लिहायचं. म्युझस्कोर नावाचं मोफत सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. भाची गाते काळी चारमध्ये. ते म्हणजे त्यांचा ए-फ्लॅट. त्या सुरात भीमपलास लिहायला घेतला तर ओळीच्या सुरुवातीलाच सहा फ्लॅटांची रांग लागली आणि मला माझीच चाल वाचता येईना. भाचीच म्हणाली, ‘मामा, षड्ज पांढरी एक धरून लिही ना, प्रत्यक्षात काय लागतं ते वर एका ओळीत सांग.’ तसं केलं, तर कोमल गंधार आणि कोमल निषाद, दोनच फ्लॅट. कागद श्वास घेऊ लागला. पण ‘गऽ मप’ मधली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, गंधाराला मध्यमाचा लागणारा स्पर्श, हे कसं लिहायचं? भातखंडे लिपीत वर कण लिहून, कमान काढून भागतं, कारण वाचणाऱ्याला राग माहीत आहे हे लिपीने गृहीत धरलेलं असतं. इथे वाचणाऱ्याला राग माहीत नाही. मग मी प्रत्येक वळण छोट्या छोट्या सुरांत फोडत गेलो. लिहून झाल्यावर संगणकाकडून वाजवून घेतलं. सगळे सूर बरोबर होते आणि भीमपलास त्यात औषधालाही नव्हता. अर्धी फोड खोडली, स्पर्शस्वरांच्या खुणा ठेवल्या, आणि गाणं प्रत्यक्ष म्हणून पाठवायचं ठरवलं.

भाची दोन दिवस रजा काढून आली. पखवाजाला नाना. नाना दशावतारातले, वयाने माझ्याहून मोठे. लेखनाशी लय जुळावी म्हणून मी मोबाइलवर मेट्रोनोम लावला, तर त्यांनी पखवाजावरचा हात उचलला. ‘मी काय घड्याळाची साथ करूक इलंय? ती टिकटिक आधी बंद करा, गुरुजी.’ बंद केली. लय शेवटापर्यंत थोडी चढली, कागदावर ती एकसारखीच आहे. चढू दे.

रचना विभागात नाव गुप्त ठेवायचं होतं, प्रत्येक पानावर फक्त एक सांकेतिक शब्द. तो लिहिला. भाचीने मात्र फाइलचे गुणधर्म उघडून दाखवले: लेखकाच्या रकान्यात संगणकाने माझं नाव आपणहून घालून ठेवलं होतं. ते पुसलं. ध्वनिफितीतूनही पुसलं.

मुदत ३१ ऑक्टोबरच्या रात्री ११.५९ पर्यंत, मध्य युरोपीय वेळेनुसार. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात, त्यामुळे आपल्याकडे ती १ नोव्हेंबरच्या पहाटेचे ४.२९ होते. आधल्या आठवड्यात हिशेब केला असता तर ३.२९ आली असती. चुकली असती तरी आपण आधीच पाठवलं असतं, ते एक बरं. मी संध्याकाळीच कुडाळला मित्राच्या दुकानात जाऊन बसलो, कारण घरी रेंज खिडकीत येते आणि खिडकीतही सारखी नसते. दोन्ही अर्ज गेले, पोच आली. मित्राने चहा मागवला.

निकाल मार्चच्या सुरुवातीला लागला. वादनात मी पहिल्या फेरीतच बाहेर. अभिप्राय दोन ओळींचा: हातावर प्रभुत्व आहे, पण रचनेला स्पष्ट आरंभ-मध्य-अंत जाणवत नाही, आणि पाठवलेल्या लेखनाशी वादनाचा संबंध ‘मर्यादित’ आहे. यातली पहिली हरकत मला मान्य आहे. आलाप मी आवरता घ्यायला हवा होता, असं तबलजीचंही मत. दुसरीवर काय बोलणार.

रचना दुसऱ्या फेरीत गेली, अंतिम यादीत आली नाही. तिथला अभिप्राय मात्र चांगला पानभर होता. परीक्षकांपैकी कुणीतरी लेखन ओळ न् ओळ वाचलं होतं. चरणाच्या शेवटी सोडलेली रिकामी जागा त्यांना आवडली होती, तिच्यामुळे गाणं दर वेळी पुन्हा सुरू झाल्यासारखं वाटतं, असं लिहिलं होतं. एक प्रश्न होता: दुसऱ्या अंतऱ्यानंतरच्या आवर्तनांत तालवाद्याची ओळ कोरी का आहे? ध्वनिफितीत तर तिथे सगळ्यात गुंतागुंतीचं वादन ऐकू येतं, मग ते लिहायचं राहून गेलं का? संपूर्ण लेखन जोडून पुढच्या वर्षी पुन्हा पाठवावं, अशी सूचना होती.

नाना तेव्हा जत्रेच्या फिरतीवर होते. एका रात्री नाटक सुरू व्हायच्या आधी, रंगपटाच्या मागे, त्यांना मी तो अभिप्राय मराठीत वाचून दाखवला. गुंतागुंतीचं वादन वगैरे ऐकून खूश झाले, पुन्हा वाचायला लावलं. मग लिहायचं म्हणजे नेमकं काय ते विचारलं. मी म्हटलं, नाना, तुम्ही त्या दिवशी वाजवलंत ते बोल मी ऐकून उतरवतो, आणि पुढच्या वेळी तेच वाजवायचं.

‘सगळा लिवन ठेवल्यात तर मगे मी वाजवतलंय काय?’ एवढं बोलून ते पखवाजाला कणीक लावायला बसले.

त्या आवर्तनांचे बोल मी उतरवायला घेतले आहेत. पहिली दोन झाली. तिसऱ्यात नानांनी तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर यायचा तुकडा, समेच्या अर्धी मात्रा पुढे नेऊन टाकली आहे, ती मुद्दाम की अंदाजाने हे त्यांनाच विचारावं लागेल, आणि ते मे महिन्याआधी काही घरी सापडायचे नाहीत.